लाकडी घराच्या प्लॅनवर ब्रेसिंग कसं दाखवायचं

मी बडोद्यात बसून अमेरिकेतल्या घरांचे नकाशे काढते. अलकापुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात येणारी नवी मुलं बहुतेक सिव्हिलचा डिप्लोमा करून आलेली असतात. मीही तशीच आले होते. ऑटोकॅड त्यांना छान येतं, अडतं ते भिंतीपाशी.

आपल्याकडे आरसीसीच्या घरात भार खांब आणि बीम घेतात, विटा नुसत्या मधे भरलेल्या. मालकाने खिडकी फूटभर सरकवायला सांगितली तर आपण सरकवतो; खांब जागच्या जागी राहतो. तिथल्या घरात असे खांब नसतात. साधारण १६ इंचांवर उभे केलेले स्टड (उभी लाकडं), बाहेरून ठोकलेला प्लाय किंवा ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेला बोर्ड), आतून जिप्सम बोर्ड. वाऱ्याने घर ढकललं की त्या दिशेला समांतर असलेल्या भिंतींनी तो जोर पायापर्यंत न्यायचा. दांडिया बाजारात गणपतीचा मांडव बांधताना पाहा: उभे-आडवे बांबू बांधून झाले तरी मांडव डुलतो, तिरपा बांबू बांधला की थांबतो. तिथे तिरप्या बांबूचं काम खिळ्यांनी ठोकलेला सलग प्लाय करतो; यालाच ब्रेसिंग म्हणतात. म्हणून खिडकी सरकली की त्या घराचा जणू खांबच सरकतो. हे डोक्यात बसल्याशिवाय माऊसला हात लावू नका.

नियम तिथल्या घरांच्या बांधकामाच्या कोडच्या, म्हणजे इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडच्या आर६०२.१० या कलमात आहेत. आधी ब्रेस्ड वॉल लाइन आखायच्या, म्हणजे घराच्या दोन्ही दिशांना काल्पनिक रेषा. आपण कॉलम ग्रिड आखतो तशाच डॅश-डॉट रेषा, दोन्ही टोकांना गोल, एका दिशेला आकडे, दुसऱ्या दिशेला अक्षरं. बाहेरची भिंत रेषेपासून ४ फुटांपर्यंत आत-बाहेर असली तरी त्याच रेषेत धरता येते. त्यामुळे प्रत्येक खाचेसाठी नवी रेषा काढू नका. रेषा वाढल्या की प्रत्येक रेषेवरची गरजही वाढते: एका दिशेला दोन रेषा असतील तर गुणक १, तीन असतील तर १.३०, चार असतील तर १.४५.

हिशेब असा. समजा टेबलातून वाऱ्याचा वेग आणि रेषांमधलं अंतर पाहून एका रेषेला ६ फूट ब्रेसिंग निघालं. तीन रेषांसाठी गुणिले १.३०, भिंत ८ फूट उंच म्हणून गुणिले ०.९०. झाले ७.०२ फूट. छताच्या उंचीचे, घराभोवतीच्या मोकळ्या जागेचे गुणक उरतात, तेही लावायचे. आतून जिप्सम बोर्ड नसेल तर प्लायच्या पद्धतीत १.४०. हे बाकीचे गुणक १ धरू. आता ४-४ फुटांचे दोन पॅनेल (दार-खिडकी नसलेले, प्लाय ठोकलेले भिंतीचे तुकडे) बसवले तर ८ फूट होतात आणि रेषा पास होते. पण पहिलं पॅनेल रेषेच्या टोकापासून १० फुटांच्या आत सुरू झालं पाहिजे आणि दोन पॅनेलमधे २० फुटांपेक्षा जास्त अंतर नको. लांबी पुरते पण जागा चुकते, असं नव्या मुलांचं नेहमी होतं.

आता काढायचं कसं. तीन लेअर करा: रेषा, पॅनेल, अक्षरं. पॅनेल हॅचने भरू नका. भिंतीच्या मध्यावर एकच पॉलिलाइन ओढा, तिची रुंदी ३.५ इंच द्या (दोन-बाय-चारचा स्टड प्रत्यक्षात तेवढाच असतो, दोन-बाय-सहा असेल तर ५.५). जाड पट्टी दिसते आणि प्रॉपर्टीजमधे खरी लांबी मिळते. शेजारच्या खुणेत क्रमांक, पद्धत आणि लांबी लिहायची. लांबी हाताने टाइप करायची नाही, फील्ड वापरून पॉलिलाइनच्या लांबीला जोडायची. पट्टी ताणली की रीजननंतर (चित्र ताजं करायची कमांड) आकडा आपोआप बदलतो. शेवटी डेटा एक्स्ट्रॅक्शनने सगळ्या पॅनेलचा तक्ता काढा आणि प्रत्येक रेषेसमोर दोनच आकडे ठेवा: हवी ती लांबी, दिलेली लांबी.

या पद्धतीतही एक खड्डा आहे, मी त्यात पडले आहे. एका घराच्या स्वयंपाकघराची खिडकी मालकिणीने ३ फुटांची ६ फूट करून घेतली. खिडकी दोन्हीकडे दीड-दीड फूट वाढली. कोपऱ्यापर्यंत ४ फूट २ इंच भिंत होती, ती २ फूट ८ इंच उरली. मी खिडकीचा ब्लॉक बदलला, पट्टी तशीच राहिली. फील्ड ४ फूट दाखवत होतं, तक्ता पास म्हणत होता, आणि पॅनेलचा सव्वा फुटाहून जास्त भाग काचेत होता. तिथल्या तपासनिसाने ते शीट परत पाठवलं. डब्ल्यूएसपी (वुड स्ट्रक्चरल पॅनेल, म्हणजे प्लाय किंवा ओएसबी) पद्धतीत ८ फुटी भिंतीला पूर्ण श्रेयासाठी ४८ इंच लागतात. ३६ इंचांपर्यंत काही भाग धरता येतो, त्याखाली शून्य. माझ्याकडे ३२ होते. ती रेषा आम्ही सीएस-डब्ल्यूएसपीत नेली, म्हणजे खिडकीच्या वर-खालीसुद्धा सगळीकडे प्लाय. तिथे ८ फुटी भिंतीत शेजारची उघडी जागा ६४ इंचांपर्यंत उंच असेल तर २४ इंच पुरतात. मात्र रेषेच्या टोकाला कोपऱ्यावर वळणारा २४ इंचांचा तुकडा लागतो, किंवा ८०० पौंडांचा होल्ड-डाउन (भिंतीचं टोक खाली घट्ट धरणारा लोखंडी जोड), किंवा टोकालाच ४८ इंचांचं पॅनेल. तेही प्लॅनवर दिसलं पाहिजे.

तेव्हापासून खिडकी हलवायची तर मूव्ह नाही, स्ट्रेच. क्रॉसिंग विंडोत (ऑटोकॅडच्या निवडीच्या चौकटीत) पट्टीचं टोकही पकडायचं.

गॅरेजपाशी मी सर्वांत जास्त वेळ घालवते. मोठ्या दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीचे चिंचोळे तुकडे उरतात आणि ४ फूट मिळतच नाहीत. तिथे होल्ड-डाउनसह पोर्टल फ्रेम, म्हणजे दारावरचा बीम आणि बाजूचे तुकडे एकत्र बांधलेली चौकट: वर फक्त छप्पर असेल तर १६ इंच, वर आणखी एक मजला असेल तर २४. अशा पॅनेलला वेगळी खूण द्या आणि डिटेलचा गोल जोडा, कारण सुतार प्लॅनवरून होल्ड-डाउन ओळखणार नाही. आतल्या भिंतीवर जिप्सम बोर्डचं ब्रेसिंग असेल तर एका बाजूला की दोन्ही बाजूंना हे लिहाच. दोन्ही बाजूंना असेल तर ४८ इंच चालतात; एकाच बाजूला असेल तर ९६ लागतात आणि लांबी निम्मीच धरतात. खिळ्यांचं अंतर पॅनेल-पॅनेलवर लिहू नका, तक्त्याखाली एकदाच: डब्ल्यूएसपीसाठी कडेला ६ इंच, मधे १२. कोडच्या मर्यादेबाहेरचं घर असेल तर ते इंजिनिअरकडे जातं, आपण अंदाज करायचा नाही.

ब्रेसिंगला स्वतंत्र शीट द्या, पाव इंचाला एक फूट याच स्केलला. व्ह्यूपोर्टमधे फर्निचर, वायरिंग आणि मापं फ्रीझ करा, भिंती फिक्या करड्या ठेवा. पाठवण्याआधी दारं, खिडक्या आणि पट्ट्या एवढेच लेअर चालू ठेवून प्रिंट काढा आणि लाल पेन्सिलीने एकेक पट्टी टिकमार्क करत जा. पट्टी दाराला किंवा खिडकीला शिवली, तर त्या रेषेचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.