चुलीच्या धुराड्यासाठी ब्रश कोणता घ्यावा?

पऱ्हाटी-तुराट्या ओल्या जाळल्या की धुराड्यात डांबरासारखा चिकट थर बसतो, तो नुसत्या झाडूनं निघत नाही. आधी पाइपाचं आतलं माप घ्या. 4 इंची पाइपाला साडेचार इंची गोल ब्रश हवा. लहान असला तर नुसताच फिरतो. टिनाच्या पाइपाला काथ्याचा किंवा नायलॉनचाच घ्या, तारेच्या ब्रशानं जस्त खरवडून गंज चढतो. जुना सिमेंटचा पाइप कोरडा घासूच नका, त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक बारीक तंतू, असतं. दांड्याला पेरं तासलेला सरळ बांबू पुरे, बाजारातला महागडा दांडा कशाला? ब्रश मात्र नट-बोल्टनं आवळा. दोरी आत सुटते. चूल पूर्ण थंड झाल्यावर तिच्या तोंडाला ओलं पोतं लावा, वरची टोपी काढून ब्रश आरपार ढकला. मध्येच मागं ओढला तर केस उलटे वळून तो फसतो.