क्षयरोगाच्या गोळ्यांसोबत रुग्णाचं रेशन आणि अनुदानही सुरू करा

निदान झालं की त्याच दिवशी निक्षय पोर्टलवर (क्षयरुग्णांच्या नोंदीची सरकारी वेबसाइट) रुग्णाची नोंद करून घ्या आणि आयडी उपचार कार्डावर लिहा. पुढचं बरंच काही या आकड्यावर अवलंबून असतं.

रुग्णाच्या आहारासाठी असलेल्या निक्षय पोषण योजनेत १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात. साध्या क्षयरोगाच्या ६ महिन्यांच्या उपचारात ते ३००० च्या दोन हप्त्यांत येतात: पहिला निदानानंतर, दुसरा ८४ दिवसांच्या उपचारानंतर. पैसे अडकतात ते बहुधा बँकेपाशी. खातं बंद पडलेलं असतं, नाहीतर आधारवरच्या नावाशी जुळत नाही. म्हणून आशाताईंनी पहिल्याच भेटीत पासबुक उघडून पाहावं. नुसता फोटो मागवून भागत नाही.

निक्षय मित्राकडून (क्षयरुग्णांना मदत करणारी व्यक्ती किंवा संस्था) धान्य-डाळीचं किट हवं असेल तर आधी रुग्णाची संमती घ्या. किट देतानाचे फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत. आजार गावाला कळेल या भीतीनेच कित्येक जण मदत नाकारतात.

कमावता माणूसच आजारी असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करा. क्षयरोग त्यात बसतो, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत लागतं. सरकारी रुग्णालयाचा वैद्यकीय दाखला आणि उत्पन्नाचा दाखला लगेच काढायला घ्या, वेळ तिथेच जातो.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या रुग्णाला निघण्याआधी विचारा, ‘कुठल्या तालुक्यात?’ आणि निक्षयवर त्याच्या नोंदीची तिकडे बदली टाका, सोबत काही दिवसांच्या गोळ्या द्या.