ब्रेडक्रम्ब्सचं बेक्ड चिकन फसलं? या चुका टाळा

तळल्यासारखं कुरकुरीत आणि तेल नावापुरतं, असं वाचून आपण ब्रेडक्रम्ब्स लावलेलं चिकन ओव्हनमध्ये ठेवतो. बाहेर येतं ते पांढुरकं, खालून गिचगिचीत आणि सुरी लावताच वरचं आवरण सोडणारं. मग खापर फुटतं रेसिपीवर. काही रेसिप्या खरोखरच टाकाऊ असतात, पण बहुतेक वेळा घोळ घालतं ते पाणी. कढईत १७५-१८० अंशांचं तेल चुऱ्याला सगळीकडून एकदम भिडतं आणि ओलावा बघता बघता उडून जातो. ओव्हनमधली हवा तितकीच गरम असली तरी उष्णता खूप सावकाश देते, आणि तोवर चिकन पाणी सोडत राहतं. त्यामुळे तळताना खपून जाणारा आळस इथे खपत नाही.

आवरण सुटून येतं

चिकन ओलं असेल तर मांस आणि आवरणाच्या मधे वाफ धरते आणि आवरण उचललं जातं. म्हणून तुकडे किचन पेपरने दाबून दाबून कोरडे करा. बोटाला चिकट लागले तर चालेल, ओले लागता कामा नयेत. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. त्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर सिंकभर पसरतात, वर ओलावा वाढतो तो वेगळाच. फ्रोझन चिकन असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून पूर्ण सुटू द्या. आत बर्फ राहिला तर त्याचं पाणी ओव्हनमध्ये सुटणारच.

मग मैदा, अंडं, चुरा, याच क्रमाने. मैदा उरलासुरला ओलावा शोषतो आणि अंड्याला धरायला पृष्ठभाग देतो. अंडं उष्णतेने घट्ट होतं आणि चुरा जागेवर बसतो. इथली नेहमीची चूक म्हणजे मैद्याचा जाड थर. अंडं त्या थराच्या वरच अडकतं, खाली कोरडं पीठ राहतं आणि आवरण नेमकं तिथूनच सुटतं. तुकडा मैद्यातून काढल्यावर चांगला झटका. नुसती पांढरी झाक राहिली की पुरे. अंड्यातून काढल्यावर जास्तीचं निथळू द्या आणि चुरा तळहाताने दाबून बसवा, नुसता भुरभुरवू नका. एक हात कोरड्यासाठी आणि एक ओल्यासाठी ठेवला तर बोटांना गोळे चिकटत नाहीत. हे झालं की तुकडे न झाकता पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते.

दह्यात मुरवलेलं चिकन असेल तर दही आधी निपटून काढा, नाहीतर वरचं सगळं व्यर्थ.

रंग येत नाही

कोरड्या चुऱ्याला ओव्हनमध्ये नीट रंग धरायला थोडी चरबी लागते. अशा वेळी बरेच जण तापमान वाढवतात किंवा आणखी दहा मिनिटं ठेवतात. रंग येतो, पण चिकनचं लाकूड होतं. त्यापेक्षा कपभर चुऱ्याला दीड-दोन टेबलस्पून तेल चोळा आणि मध्यम आचेवर सतत हलवत बिस्किटाच्या रंगावर परता. गार झाल्यावरच वापरा. रंगाचं काम आधीच उरकलं की ओव्हनने फक्त चिकन शिजवायचं उरतं. माझ्या मते या पदार्थात एकच गोष्ट सुधारायची असेल तर हीच. पॅन्को, म्हणजे जपानी पद्धतीचा ब्रेडचा चुरा, मिळाला तर घ्या. तो जाडसर असल्याने वाफेला वाट मिळते, बारीक चुरा मात्र दाबून बसतो.

खालून ओलं राहतं

ट्रेवर जाळी ठेवा आणि तुकडे तिच्यावर मांडा. जाळी नसेल तर ट्रे ओव्हनबरोबरच तापवा, त्यावर तेलाचा हात फिरवा आणि अर्ध्या वेळात तुकडे उलटा. तुकड्यांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर ते एकमेकांच्या वाफेत उकडतात. फॉइलने झाकायचं नाही. बाहेर काढल्यावर डब्यात भरून झाकण लावलं तर सगळी मेहनत पाच मिनिटांत मऊ पडते.

एका टोकाला कोरडं, दुसऱ्या टोकाला कच्चं

ब्रेस्ट पीस एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असतो. तो आडवा चिरा किंवा प्लास्टिकखाली ठेवून लाटण्याने ठोकून सगळीकडे साधारण दीड सेंटिमीटर करा. असा तुकडा २०० अंशांवर साधारण वीस मिनिटांत होतो. ओव्हनचा पंखा चालू असेल तर तापमान २० अंश कमी ठेवा. प्रीहीटचा दिवा विझला म्हणजे ओव्हनच्या भिंती तापल्याच असं नाही, आणखी दहा मिनिटं द्या. मायक्रोवेव्हच्या नुसत्या मायक्रो मोडवर कुरकुरीतपणाची आशा धरू नका.

शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. थर्मामीटर बाजूने जाड भागाच्या मध्यापर्यंत घाला, ७४ अंश दिसले की काढा. लेग पीसचं मांस आणखी थोडं शिजलं तरी बिघडत नाही, ब्रेस्ट मात्र लगेच कोरडा पडतो.

चव बेचव असेल तर मीठ फक्त चुऱ्यात होतं. चिकनला वेगळं लावा.

बिघडलेलंच समोर असेल तर

फिकट तुकड्यांवर तेल शिंपडा आणि वरच्या ग्रिलखाली दोन-तीन मिनिटं ठेवा. दारापासून हलू नका, चुरा क्षणात करपतो. खालून ओलं असेल तर उलटून जाळीवर ठेवा आणि पुन्हा पाच मिनिटं द्या. आतून कच्चं पण वरून लाल झालं असेल तर ओव्हन १७० वर आणा आणि फॉइल वर नुसता टेकवा. न झाकण्याच्या नियमाला एवढाच अपवाद. कोरडं झालेलं चिकन मात्र परत रसदार होत नाही. ते आडवं पातळ कापून भरपूर सॉसबरोबर सँडविचमध्ये घाला.