‘मला’ दिसलं की हात आखडता घ्या: संशोधक विद्यार्थ्यांना एसएफएल शिकवताना

पीएच.डी.च्या कोर्सवर्कला सिस्टिमिक फंक्शनल लिंग्विस्टिक्स (एसएफएल), म्हणजे भाषा वापरात काय काम करते हे पाहणारं भाषाशास्त्र, शिकवायचं असेल, तर भाषाशास्त्रज्ञ हॅलिडेच्या तीन मेटाफंक्शनपासून, म्हणजे भाषेच्या तीन मूलभूत कामांपासून, सुरुवात करू नका. व्याख्या पाठ होतात आणि पहिला उतारा समोर आला की पोरं अडतात. आधी 50 क्लॉज, म्हणजे एकेका क्रियापदाभोवतीची वाक्यं किंवा उपवाक्यं, हातात द्या. पुण्यात त्यासाठी लांब जायला नको, पेठांतल्या दारांवरच्या पाट्या आहेतच. ‘बेल एकदाच वाजवावी’ हे रूपाने विध्यर्थ, कामाने हुकूम. इंटरपर्सनल, म्हणजे बोलणारा-ऐकणारा यांच्या नात्याचा, अर्थ तिथेच कळतो.

खरा सापळा ट्रान्झिटिव्हिटीत, म्हणजे क्लॉजमधली प्रक्रिया कोणत्या प्रकारची हे ठरवण्यात, आहे. इंग्रजी तक्ता घेऊन बसलेला विद्यार्थी ‘मला’ दिसलं की ‘सेन्सर’, म्हणजे जाणणारा, असं लिहून क्लॉज मेंटल, म्हणजे मनातल्या प्रक्रियेचा, ठरवतो. ‘मला वाटतं पाऊस येईल’ इथे ते बरोबर. ‘मला दोन भाऊ आहेत’ इथे साफ चूक. ती मालकीची रिलेशनल, म्हणजे संबंध किंवा गुण सांगणारी, प्रक्रिया. ‘मला’च्या जागी ‘टेबलाला’ घालून बघा. ‘टेबलाला चार पाय आहेत’ चालतं, म्हणजे तिथला ‘-ला’ जाणिवेचा नाही. ‘टेबलाला वाटतं’ चालत नाही. दुसरी चाचणी ‘की’ची, मेंटल क्रियापदाला ‘की’ जोडता येतो का: वाटतं की, कळलं की. पण ‘आवडतं’ला ‘की’ सहसा जोडत नाहीत, तरी ते मेंटलच. म्हणून एकाच चाचणीवर निकाल नको.

‘लागणे’ तर आणखी छळतं. ‘आमटी खारट लागते’ रिलेशनल, ‘डोक्याला दगड लागला’ मटेरिअल, म्हणजे प्रत्यक्ष घडण्याची किंवा करण्याची प्रक्रिया. ‘मुलगी रडू लागली’ यात ‘लागली’ फक्त सुरुवात दाखवते. प्रक्रिया रडण्याची, म्हणून बिहेवियरल, म्हणजे वागण्याची. ‘मला भूक लागली’वर जाणकारांचंही एकमत होणार नाही. एक निर्णय घ्या, कारण लिहून ठेवा आणि प्रबंध संपेपर्यंत तोच पाळा. व्हायव्हात ते कारणच विचारतात.

सीनियरकडून आलेली क्रियापदांची तयार यादी कृपा करून वापरू देऊ नका. लेबल क्रियापदाला नसतं, क्लॉजला असतं. जो गाइड ‘यादी लाव आणि टक्केवारी काढ’ म्हणतो, तो विद्यार्थ्याचं नुकसान करतो. क्लॉजना लेबल लावायचं यूएएम कॉर्पसटूल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण पहिले 200 क्लॉज एक्सेलमध्ये हातानेच.

मग तेच 50 क्लॉज दोघांना वेगवेगळं बसून लेबल करायला द्या आणि कोहेनचा कप्पा (kappa), म्हणजे योगायोगाने जुळलेलं वगळून दोघांचं किती जुळतं हे सांगणारा आकडा, काढा. नुसती टक्केवारी फसवते: दोघांनीही जवळपास सगळीकडे ‘मटेरिअल’ लिहिलं, तरी ती भरघोस येते. पहिल्या फेरीत कप्पा कमी आला तर घाबरू नका, तसं होतंच. न जुळलेले क्लॉज बाजूला काढा. त्यांत ‘मला’ आणि ‘लागणे’ आधी शोधा.