मेलबर्नमध्ये घर बघताय? आधी जमीन बघा

मेलबर्नला नवीन आलेली मराठी मंडळी तीन गोष्टी विचारतात: स्टेशन किती लांब, शाळा कशी आणि इंडियन ग्रोसरी कुठे. विचाराव्यातच. पण भाड्याचं घर सोडून स्वतःचं घ्यायची वेळ आली की आणखी एक विचारा, खाली दगड कुठला?

टार्निट, ट्रुगनिना, वेरिबी, मेल्टन, म्हणजे आपले बरेच लोक जिथे स्थिरावलेत तो सपाट पश्चिम पट्टा लाव्हाने बनलाय. दख्खनसारखाच बेसॉल्ट, फक्त वयाने फारच लहान. दख्खनचा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, इथला बहुतांश गेल्या ५० लाख वर्षांतला. काल्डर फ्रीवेवरून ऑर्गन पाइप्स नॅशनल पार्कला एकदा चक्कर मारा (गाडीनेच जा). अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्याला तिथले उभे खांब नवे वाटणार नाहीत.

दगड ओळखीचा, तशी मातीही. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी चिकणमाती. विदर्भात तिच्यावर कापूस पिकतो. इथे तिच्यावर आपण काँक्रीटची स्लॅब टाकतो आणि वर कर्ज काढून घर बांधतो. म्हणून प्लॉट घेताना सॉइल रिपोर्ट, म्हणजे मातीच्या तपासणीचा अहवाल, मागाच. त्यात 'एम' म्हणजे मध्यम हलणारी जमीन, 'एच' म्हणजे जास्त, आणि 'पी' म्हणजे अडचणीची जमीन असेल तर इंजिनिअरशी नीट बोलल्याशिवाय सही करू नका. बिल्डरच्या करारात साइट कॉस्ट (जमीन बांधकामाला तयार करायचा खर्च) पक्की आहे का आणि खोदताना कातळ लागला तर पैसे कोणाचे, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासनांवर माझा अजिबात विश्वास नाही. तयार घर घेत असाल तर दाराच्या चौकटींच्या कोपऱ्यांतून तिरप्या गेलेल्या भेगा शोधा. राहायला गेल्यावर गम ट्री (निलगिरी) भिंतीला खेटून लावू नका आणि बाहेरचा नळ गळत ठेवू नका. स्लॅबच्या एका बाजूला माती ओली आणि दुसऱ्या बाजूला कोरडी राहिली की घर वाकायला लागतं.

पूर्वेकडे बॉक्स हिल, डॉनकास्टर या भागात टेकड्या आहेत. त्यांच्याखालचा खडक ४० कोटी वर्षांहून जुना. पाऊस जास्त, झाडं मोठी. किंमतीही.

शहराजवळची जुनी वस्ती आवडली तर हेरिटेज ओव्हरले (जुन्या वास्तू जपण्याचा नियम) लागू आहे का ते कौन्सिलच्या नकाशावर तपासा. असेल तर दर्शनी भागाला हात लावण्याआधी परवानगी लागते. अशा घरांमागच्या बोळातली काळपट फरसबंदी म्हणजे पश्चिमेचाच बेसॉल्ट. इथे त्याला ब्लूस्टोन म्हणतात. मैल्याच्या गाड्या याच बोळांतून फिरायच्या, कारण घरं गटारांना जोडायला सुरुवात झाली ती थेट १८९७मध्ये. सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल याच दगडाचं. कोबर्गचा पेंट्रिज तुरुंगही. तो १९९७मध्ये बंद झाला, आता तिथे फ्लॅट आणि सिनेमागृह आहे.

ग्रेट ओशन रोडला पाहुणे आले की जाणं होतंच. पुढच्या वेळी वॉर्नांबूलच्या पुढे बज बिमपर्यंत जा. तिथल्या गुंडिचमारा या आदिवासी लोकांनी लाव्हाच्याच दगडांनी पाट आणि बांध रचून वाम मासे पाळले, किमान ६,६०० वर्षांपूर्वी. २०१९पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. वाटेत टॉवर हिलच्या ज्वालामुखी विवरात एमू मोकळे फिरतात. मुलं असतील तर तिथे दोन तास जास्तीचे धरा.