म्हातारा कॉकटेल घरी आणताय? या चुका टाळा

नाव खरं तर कॉकाटील, पण पक्ष्यांच्या बाजारात सगळे कॉकटेलच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. मूळचा ऑस्ट्रेलियातला, पोपटाच्या कुळातला हा तुरेवाला पक्षी नीट सांभाळला तर 15 ते 20 वर्षं जगतो. म्हणजे ज्या मुलाच्या हट्टापायी तो घरात येतो, ते मूल शिकायला बाहेरगावी जातं तेव्हा पक्षी अजून दांडीवरच असतो. मग कुणीतरी तो "चांगल्या घरी" द्यायला काढतं. असे पक्षी मी सांभाळते, पुढे घरंही शोधून देते. आणि दर वेळी आठवड्याभरात फोन येतो, त्याच चुकांचा.

पहिल्याच दिवशी सगळं बदलणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे.

गोट्या माझ्याकडे आला तेव्हा 13 वर्षांचा होता. सगळं आयुष्य बाजरी, राळे आणि सूर्यफुलाच्या बियांवर काढलेलं. नुसत्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं, यकृतावर चरबी चढते. हे मी वाचलेलं होतं. त्यामुळे आल्या दिवशीच बिया बंद केल्या आणि वाटीत पेलेट, म्हणजे पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाण्याच्या गोळ्या, भरल्या. नवा मोठा पिंजरा, नव्या दांड्या, नवी वाटी. उपकार करतोय अशीच माझी समजूत.

तो वाटीपाशी जायचा, चोच घालायचा, पेलेटचा चुरा करायचा. मला वाटलं, खातोय. पाचव्या दिवशी पिंजऱ्यातला कागद बदलताना लक्षात आलं की विष्ठा अगदी थोडी आहे, आणि आहे ती गडद हिरवी, चिकट. काट्यावर ठेवला. आला तेव्हा 92 ग्रॅम होता, आता 81. पोटात काहीच जात नव्हतं. म्हाताऱ्या कॉकटेलला गोल पेलेट हे अन्न आहे हेच कळत नाही. तो त्याच्याशी खेळतो आणि उपाशी राहतो. त्याच दुपारी बाजरी आणि राळे परत दिले. तो इतक्या घाईने तुटून पडला की मला रडू आलं.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. पहिला महिना जुनाच पिंजरा, जुनीच वाटी, जुनंच खाणं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्यायचा, रोज सकाळी खाण्याआधी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. बहुतेक कॉकटेल 80 ते 100 ग्रॅमच्या आसपास असतात, पण तुमच्या पक्ष्याचा आकडा तोच खरा. त्यात दहा टक्के घट झाली की वाट बघत बसायचं नाही. वजन स्थिर झालं की पेलेटची पूड भिजवलेल्या बियांवर भुरभुरायची. गाजर किसून, कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला दांडीला बांधून द्यायचा. हे थव्याने खाणारे पक्षी आहेत, त्यामुळे मी नाश्त्याला गोट्याचा पिंजरा टेबलाजवळ ठेवते आणि त्याच्यासमोर गाजर चावते. त्याने पहिली पेलेट खरोखर गिळायला तीन महिने लागले. चार दिवसांत पेलेटवर आणून देतो असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. आणि वाटी भरलेली दिसली म्हणून निश्चिंतही होऊ नका. बियांच्या वाटीत वर नुसती टरफलं असतात. फुंकर मारून बघा.

रात्री पूर्ण अंधार करणं

पिंजऱ्यावर जाड चादर, दिवे बंद, आणि मध्यरात्री पिंजऱ्यात धडधड. कॉकटेल रात्री दचकतात, ही त्यांची खास खोड आहे. पाल सरकली, रस्त्यावरच्या गाडीचा उजेड भिंतीवरून फिरला, कुठे फटाका वाजला, की तो अंधारात सरळ वर उडतो आणि जाळीवर आपटत राहतो. एकदा रात्री वीज गेली, दिवा विझला आणि गोट्याने उगवत्या पिसाची नळी मोडून घेतली. त्या नळीत रक्त असतं, सगळी भिंत शिंतोड्यांनी भरली होती. आधी उजेड केला, नाव घेऊन बोलत राहिले, तो शांत झाल्यावरच हात घातला आणि मक्याचं पीठ पिसाच्या मुळाशी दाबून धरलं. रक्त थांबलं. नसतं थांबलं तर थेट डॉक्टरांकडे.

उपाय साधा आहे: झिरोचा दिवा, आणि वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा. चादर तीन बाजूंनीच टाकायची. झोप मात्र 10 ते 12 तास हवीच. टीव्हीच्या खोलीत ती होत नाही.

या चुका थोडक्यात, पण यांनी पक्षी जातात

पक्षी पिंजऱ्याबाहेर असताना सिलिंग फॅन चालू ठेवू नका. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो. माझ्या घरी तो तवाच नाही. अगरबत्ती, धूप आणि डासांची कॉइल दुसऱ्या खोलीत. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा अजिबात नको. पोटात दाणे दळले जावेत म्हणून वाळू खाऊ घालायची गरज नाही, हे पक्षी बी सोलून खातात. समुद्रफेस (माकुळाचं पांढरं हाड, कॅल्शियमसाठी) मात्र लावा. एकसारख्या गुळगुळीत दांड्यांनी म्हाताऱ्या पायांना फोड येतात. पेरूची किंवा कडुनिंबाची, फवारा न मारलेली, कमी-जास्त जाडीची फांदी लावा. संधिवाताने किंवा मोतीबिंदूने चढणं जमत नसेल तर दांड्या खाली आणा आणि नंतर जागा बदलू नका.

मादी असेल तर पाठीवरून हात फिरवू नका, घरटं किंवा खोका देऊ नका. नर नसतानाही ती अंडी घालते, आणि म्हातारपणी अंडं अडकलं तर जीव जातो. अंडी लगेच उचललीत तर ती आणखी घालते.

"बसलाय शांत" म्हणून सोडून देणं

पिसं फुगवून गप्प बसणारा, श्वासागणिक शेपटी वर-खाली करणारा, किंवा पिंजऱ्याच्या तळाशी उतरलेला कॉकटेल शांत नसतो, आजारी असतो. पक्षी आजार लपवतात. तुम्हाला दिसतो तेव्हा तो जुना झालेला असतो. नवा पक्षी आणला की पहिल्या आठवड्यातच तपासून घ्या आणि घरातल्या दुसऱ्या पक्ष्यांपासून किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर कमी आहेत. पक्षी आणायच्या आधीच त्यांचा नंबर शोधून ठेवा, रात्री दोन वाजता शोधत बसायला नको. आणि जाताना विष्ठेचा ताजा कागद आणि वजनाची वही, दोन्ही बरोबर न्या.