घरच्या घरी बीपी नीट कसं बघावं

इंदूरात सकाळी फिरायला जाणारी मंडळी येताना पोहे-जिलबी खाऊनच येतात, यात नवल नाही. आमचे सासरे नाना, वय ७१, रामबागेतून राजवाड्यापर्यंत पायी जातात आणि नेमकं हेच करतात. गेल्या थंडीत असेच एकदा जिना चढून घरी आले. शेजारच्या काकांनी बीपीचं नवं मशीन आणलं होतं, ते दाखवायला तेही मागोमाग आले. स्वेटरवरूनच पट्टा बांधला. नाना पायावर पाय टाकून बसले आणि पट्टा फुगत असताना, आज पोह्यांवर जीरावन, म्हणजे इथला खारट मसाला, कसं हात आखडून घातलं होतं, ते सांगत राहिले. मशीननं दाखवलं १७२/९८.

मग काय, आई देवापाशी, मी फोनपाशी आणि काका अपराध्यासारखे दारापाशी. अर्ध्या तासानं दवाखान्यात मोजलं तर १४६/८६. नाना डॉक्टरांना म्हणाले, "यातलं खरं कुठलं?" डॉक्टर म्हणाले, "दोन्ही सोडा. आठवडाभर घरी मोजा आणि वही घेऊन या." ती वही कशी भरायची हे आम्ही तेव्हा शिकलो, तेच इथे सांगते. बीपीचं मशीन आता घरोघरी आहे. त्याच्यासमोर बसायचं कसं, हे मात्र फारसं कुणी शिकवत नाही.

आधी आकड्यांबद्दल दोन शब्द. वरचा आकडा हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. १२० म्हणजे १२० मिलिमीटर उंच पाऱ्याचा स्तंभ तोलून धरेल एवढा दाब. पूर्वी दवाखान्यात पाऱ्याची उभी पेटी असायची, त्यातून आलेलं हे माप. घरच्या मशीनमध्ये पारा नसतो आणि ते स्टेथोस्कोपसारखं कान देऊन ऐकतही नाही. पट्टा सैल होताना दंडातल्या धमनीची जी थरथर पट्ट्यापर्यंत पोचते, तिच्यावरून ते हिशोब करतं. त्यामुळे हात हलला, बोलणं झालं, की हिशोब बिघडतो. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

मशीन आणि पट्टा

दंडावर बांधायचं मशीन घ्या. मनगटाचं सुटसुटीत दिसतं, पण हात जरा खालीवर झाला की आकडा बदलतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारी ॲप तर करमणुकीपुरतीच. त्यांच्या भरवशावर औषध ठरवायचं नाही.

खरी चूक होते ती पट्ट्यात. शिलाई मशीनच्या खणातला टेप काढा आणि खांदा व कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा. मशीनसोबत येणारा नेहमीचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटीमीटर घेरासाठी असतो. ही मापं पट्ट्यावरच छापलेली असतात. दंड ३५ सेंटीमीटरचा असेल आणि पट्टा तसाच ओढूनताणून लावला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि माणूस नसलेल्या आजाराची गोळी खायला लागतो. मोठा पट्टा वेगळा मिळतो, तो मागून घ्या. आमच्या आईंचा दंड ३४ निघाला. त्या आधी रागावल्या, मग पट्टा बदलल्यावर आकडा उतरलेला बघून खूश झाल्या.

नवं मशीन एकदा डॉक्टरांकडे घेऊन जा, त्यांच्या मशीनशेजारी ठेवून ताडून बघा आणि पुढेही वर्षातून एकदा हे करा. सेल उतरले असतील तर बदला.

मोजण्याआधीचा अर्धा तास

या अर्ध्या तासात चहा नाही, कॉफी नाही, तंबाखू-विडी नाही, जिने चढणं नाही. लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयानं बीपी वर जातं, आणि म्हातारी माणसं नेमकी संकोचानं दाबून बसतात.

मग खुर्चीवर बसा. दिवाणावर नको, कारण पाठीला टेका नसतो. जमिनीवर मांडी घालूनही नको. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीला सपाट, पायावर पाय नाही. जेवणाच्या टेबलाशेजारची खुर्ची उत्तम, कारण हात टेबलावर ठेवला की पट्टा साधारण हृदयाच्या पातळीला येतो. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्या. हात मांडीवर लोंबता ठेवला तर आकडा वाढतो. पट्टा हृदयापेक्षा १० सेंटीमीटर खाली असला तर ७-८ अंकांचा फरक सहज पडतो.

असं पाच मिनिटं नुसतं बसायचं. आमच्या घरात सगळ्यात अवघड गेलं ते हेच. नानांना पाच मिनिटं गप्प बसवणं म्हणजे सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री दहा वाजता मोकळी जागा शोधणं. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत आणि "नाना, आता बोलायचं नाही हं" असं सांगायला कुणीतरी समोर. तेही न बोलता खुणेनंच सांगितलं तर बरं, नाहीतर नाना उत्तर देतात.

पट्टा बांधणं

दंड उघडा हवा. बाही वर सरकवून तिचा पीळ दंडाला आवळत असेल तर तो दुसरा पट्टाच झाला. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर सैल बाहीचं काहीतरी घाला, स्वेटर तर काढाच. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वळीपासून दोन बोटं वर. नळी आतल्या बाजूनं तळहाताकडे. पट्ट्यावर धमनीची खूण असते, ती कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे यावी. आवळ इतकाच की आत दोन बोटं जातील.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातावर जास्त येईल तोच हात पुढे कायम धरा. दोन हातांत पुन्हापुन्हा १५ किंवा जास्त अंकांचा फरक दिसत असेल तर डॉक्टरांना सांगा. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हातावर पट्टा बांधायचा नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

बटण दाबलं की हात सैल, मूठ उघडी, तोंड बंद. आकडा आला की लिहा. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा, तोही लिहा. दुसरा बहुधा थोडा कमी येतो. पहिला खोडून टाकायचा मोह होतो, तो आवरा.

सात दिवसांची वही

सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सलग सात दिवस. सकाळचं मोजणं उठल्यावर तासाभरात, बीपीची गोळी घेण्याआधी आणि नाश्त्याआधी. संध्याकाळचं जेवणाआधी. असे २८ आकडे जमतात. पहिल्या दिवशीचे चार सोडून द्या, कारण त्या दिवशी माणूस मशीनलाच घाबरलेला असतो. उरलेल्या २४ आकड्यांची वरची आणि खालची सरासरी वेगवेगळी काढा.

आम्ही आधी कालनिर्णयच्या चौकोनात लिहायला गेलो. तिथे दुधाचा हिशोब, गॅस सिलिंडर, कामवालीची सुट्टी आणि त्यात बीपी, काही कळेना. शेवटी नातवाची शंभर पानी वही घेतली. एक ओळ अशी: १२ जानेवारी, सकाळी ६.५०, १३८/८४, नाडी ७२, रात्री झोप नाही. शेवटचा शेरा टाळू नका. दुखणं, भांडण, पाहुणे, सर्दीची गोळी, जे असेल ते लिहा.

घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर बीपी वाढलेलं धरतात. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० ची आहे, कारण तिथे पुष्कळांचं थोडं वर जातं. काहींचं तर फक्त दवाखान्यातच वाढतं. याच्या उलट, दवाखान्यात चांगलं आणि घरी वाढलेलं अशीही माणसं असतात. ती वहीशिवाय सापडतच नाहीत. गोळ्या चालू असणाऱ्यांनी किती खाली आणायचं हे वय, मूत्रपिंड, मधुमेह बघून डॉक्टर ठरवतात. गरोदरपणात मात्र सरासरीची वाट बघायची नाही. १४०/९० ला पोचलं की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

मशीन वारंवार नाडी अनियमित असल्याची खूण दाखवत असेल तर मशीनला दोष देऊन गप्प बसू नका, ईसीजी काढून घ्या. हृदयाचे ठोके खरंच अनियमित असले की अशा मशीनचे आकडे पुरते भरवशाचे राहत नाहीत.

उठताना चक्कर येणाऱ्यांनी अजून एक करायचं. बसून मोजून झालं की उभं राहायचं, एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजायचं, शेजारी कुणीतरी हवंच. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरत असेल तर ही माहिती डॉक्टरांना हवी असते. आमच्याकडे मे महिन्यात उन्हाची काहिली वाढते तेव्हा बीपी तसंही उतरतं, थंडीत चढतं. उन्हाळ्यात चक्कर येतेय म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, आकडे घेऊन जा आणि डोस विचारा.

शेऱ्यांत काय शोधायचं

वही भरली की कारणं दिसायला लागतात. गुडघेदुखीसाठी घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या बीपी वाढवतात. सर्दीत नाक मोकळं करणाऱ्या गोळ्याही. घरोघरी खोकल्यावर ज्येष्ठमधाची काडी चघळतात, ती रोजची सवय झाली तर बीपी वर जातं आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं.

आणि मीठ. हा विषय इंदूरात काढणं म्हणजे घरात भांडण लावणं, पण काढायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट छोटा चमचाही पूर्ण नाही, आणि त्यात सगळं आलं. याचा घरगुती हिशोब मी असा करते: मिठाची पुडी फोडली की तिच्यावर पेनानं तारीख टाकते. चार मोठी माणसं, रोज ५ ग्रॅम, महिन्याचे झाले ६००. एक किलोची पुडी महिन्यात संपली तर उत्तर समोर आहे, आणि त्यात बाहेरची लौंग सेव, पापड, लोणचं, पोह्यांवरचं जीरावन धरलेलंच नाही. पापडखार म्हणजेही सोडियमच. उपासाला सैंधव चालतं, पण बीपीला ते साध्या मिठासारखंच. दुकानात मिळणारं कमी सोडियमचं मीठ अनेकांना उपयोगी पडतं, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारूनच आणा. आमच्याकडे सेव बंद झालेली नाही. डबा डायनिंग टेबलवरून उचलून फडताळात वरच्या कप्प्यात गेला, एवढंच, आणि तेवढ्यानंही तो महिन्यातून एकदाच भरावा लागतो.

घाई कधी करायची

वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे दिसला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच आणि काही त्रास नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. त्यासोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, अचानक दिसेनासं होणं, असलं काही असेल तर १०८ ला फोन करा. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा, रुग्णालयात पहिल्यांदा तीच विचारतात. तोंड वाकडं झालेलं असताना बीपी मोजत बसू नका, आकडा चांगला आला तरी जायचंच असतं.

एक सक्त सूचना: शेजाऱ्यांकडची "जिभेखाली ठेवायची" गोळी घेऊ नका आणि स्वतःचीही एक जास्तीची घेऊ नका. बीपी एकदम खाली पडलं तर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडतो.

डॉक्टरांकडे जाताना वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि पहिल्या खेपेला मशीनही न्या. आठवड्यानं आम्ही गेलो तेव्हा नानांची सरासरी १४१/८४ होती. डॉक्टरांनी पानं उलटली, मंगळवार आणि शुक्रवारच्या संध्याकाळच्या ओळींखाली रेघ मारली. तिथे वरचा आकडा १५५ च्या आसपास होता आणि शेऱ्याची जागा कोरी.

"या दोन संध्याकाळी काय असतं?"

नाना माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघितलं.

"रमी," नाना म्हणाले. "पण मी डाव संपल्या संपल्याच मोजतो हो."